बदकं, कोंबड्या आणि एकच खुराडं

पार्श्वभूमी

हे घर कुडाळ तालुक्यातलं. गाव आणि वाडी सांगत नाही. माणसांनाही नात्यानेच ओळखू. सासूबाई सत्तरीच्या, सून गावातल्या बचत गटात, मुलगा कुडाळला मोटारपंप दुरुस्तीचं काम करतो. घर उतारावर आहे. वरच्या अंगाला चिऱ्यांचं खुराडं, मग घर आणि खळं, म्हणजे अंगण, खाली केळी-अळूचं परडं, आणि त्याही खाली व्हाळ, म्हणजे ओढा. ही उतरण लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

खुराडं सासऱ्यांनी बांधलेलं. आठ फूट बाय सहा फूट, मंगळुरी कौलं, खाली कोबा, वर भाताचं तूस पसरलेलं. त्यात २२ गावठी कोंबड्या आणि दोन कोंबडे. सकाळी दार उघडायचं, मूठभर कणी टाकायची, दिवसभर ती आपलं आपण शोधून खातात आणि दिवेलागणीला आत. अंडी घरात खपतात, खुडूक बसली की पिल्लं निघतात, आणि खरा पैसा येतो तो कोंबड्यांच्या नरांचा. राखणीच्या, म्हणजे गावच्या राखणदाराला कोंबडा द्यायच्या, दिवसांत गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, गिऱ्हाईक कोंबडा शोधत घरी येतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला स्कूटरवर क्रेट बांधून पिल्लंविक्या आला. सुनेने कावेरी या सुधारित जातीच्या कोंबडीची ३० पिल्लं घेतली आणि सोबत बदकाची १०. बदकांमागे तिचा हिशेब होता. परड्यात आणि भाताच्या तरव्यात, म्हणजे रोपांत, पावसात गोगलगायी उच्छाद मांडायच्या, त्या बदकं गिळतात. शिवाय चांगलं खाणं मिळालं तर खाकी कॅम्पबेल जातीचं बदक वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देतं. आपली गावठी कोंबडी साठ-सत्तरच्या पुढे सहसा जात नाही. विक्या ‘खाकी कॅम्पबेलच आहेत’ म्हणाला. पिसं फुटल्यावर रंग पाहिले तर निम्मी तरी सरमिसळ होती. फिरत्या विक्रेत्याकडून घेताना हे गृहीतच धरावं.

सगळी ४० पिल्लं एकाच खोक्यात, एकाच बल्बखाली, एकाच पिशवीतल्या कोंबडी-पिल्लांच्या खाद्यावर वाढू लागली. वाडीत सगळे असंच करतात.

पहिली कुरबुर: बदकांचे पाय

पहिल्या पंधरवड्यात कोंबडीची तीन पिल्लं दगावली. एवढी तूट नेहमीचीच म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात बदकांतली चार पिल्लं वेगळी दिसू लागली. चालताना गुडघ्यात वाकायची, दोन पावलं टाकून बसकण मारायची, एक तर पंखांच्या आधाराने सरपटायचं. शेजारणीने निदान सांगितलं, ‘थंडी बाधली पायांत.’ सासूबाईंनी गरम खोबरेल चोळलं. मुलाने खोक्यात गोणपाट घातलं, तळाच्या कागदावरून पाय घसरत असतील म्हणून. ते करणं चुकीचं नव्हतं, पण मूळ कारण खाद्यात होतं.

बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. किलोभर खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम धरतात. अंड्यांच्या जातीच्या कोंबडीच्या पिल्लाचं २७ च्या आसपास भागतं. कोंबडी खाद्यातल्या ट्रिप्टोफॅन या प्रथिनाच्या घटकापासून थोडं नायसिन अंगातच बनवून घेते, बदकाला ते नीट साधत नाही. म्हणून एकाच पिशवीतलं खाद्य खाऊन कोंबडीचं पिल्लू टुणटुणीत आणि बदकाचं फेंगडं, असं चित्र दिसतं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पाण्यात घालायचं बी-कॉम्प्लेक्स आणलं. चारपैकी तीन पिल्लं आठवड्याभरात उभी राहिली. एक राहिलं नाही. उरली नऊ.

इथेच एक धोका थोडक्यात हुकला. बी-कॉम्प्लेक्स आणण्याआधी मुलाला कोणीतरी सांगितलं होतं की शेंगदाण्याची पेंड घाल, तिच्यात नायसिन भरपूर. ते खरं आहे. पण माळ्यावर पडलेली पेंड गेल्या वर्षीची होती आणि पिशवीच्या कोपऱ्याला हिरवट बुरशी धरली होती. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनला पाळीव पक्ष्यांत सगळ्यात हळवं बदकाचं पिल्लू. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने टर्कीची लाखभर पिल्लं मेली, बदकंही मेली, आणि त्या तपासातूनच हे विष पहिल्यांदा सापडलं. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी वास घेतला, ‘ह्या गायीक पण घालू नको’ म्हणाल्या आणि पेंड खड्ड्यात गेली.

पावसाळ्यात काय झालं

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. पिल्लं आता महिन्याच्या वरची होती, खोक्यात मावेनात, म्हणून सगळी मोठ्या खुराड्यात हलवली.

जागेचा हिशेब असा. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर तूस पसरून पाळताना, मोठ्या कोंबडीला किमान दोन चौरस फूट जागा धरतात. खुराडं ४८ चौरस फुटांचं. २४ मोठे पक्षी म्हटले की हिशेब तिथेच संपला. त्यात वाढती २७ पिल्लं आणि नऊ बदकं. उन्हाळ्यात हे खपून गेलं असतं, कारण पक्षी आत फक्त झोपायला येतात. कोकणातल्या पावसात ते दिवसाचाही बराच वेळ आत काढतात.

आणि बदकं आत आली की पाणी आत येतं. बदकाला नुसतं पिण्यापुरतं पाणी पुरत नाही. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवून ते नाक-डोळे धुतं, एक घास खातं, पाण्याशी जातं, परत येतं. कोरडं खाद्य पाण्याशिवाय त्याच्या घशाखाली उतरत नाही. तोंडातलं पाणी वाटेवर सांडत जातं. विष्ठाही जवळपास पाणीच. सुनेने रात्रीसाठी आत घमेलं ठेवलं होतं, ते सकाळी रिकामं असायचं आणि भोवतालचं तूस लगद्यासारखं.

खुराड्यात उभं राहून काही कळत नाही. उकिडवं बसून नाक कोंबडीच्या उंचीला आणलं की मिनिटभरात डोळे चुरचुरतात, तो अमोनिया. दुसरी पारख मुठीची. तूस मुठीत घट्ट दाबायचं आणि मूठ उघडायची. भुरभुर सुटलं तर ठीक, लाडू राहिला तर ओलं. इथे नुसता लाडू राहिला नाही, हाताला पाणी लागलं.

जूनच्या अखेरीस कावेरीची पिल्लं मलूल झाली. पंख खाली सोडलेले, पिसं फुगवलेली, डोळे मिटून एकमेकांना टेकून उभी. विष्ठा तांबूस, मग उघड रक्ताची. आठवड्याभरात ११ पिल्लं गेली. मोठ्या कोंबड्या आणि बदकं मात्र धडधाकट.

घरात लगेच दोन तट पडले. वाडीतल्या अनुभवी लोकांच्या मते ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. आता एकही राहायची नाही, जेवढी उभी आहेत तेवढी कापून टाका. मुलाचा राग बदकांवर. ‘ही आल्यापासूनच सुरू झालं, ह्यांनीच रोग आणला, उद्या बाजारात नेतो.’ सून गप्प होती, कारण बदकं तिने घेतली होती.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय रोग ओळखायचा. मेडिकलमधून गोळ्या आणून सगळ्यांना चारायच्या, की मेलेलं पिल्लू घेऊन दवाखान्यात जायचं? सुनेने दुसरं केलं. सकाळी मेलेलं ताजं पिल्लू प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून एसटीने गेली. संपूर्ण प्रकरणात इतका स्वस्त आणि इतका मोलाचा निर्णय दुसरा नाही, असं माझं मत. डॉक्टरांनी पिल्लू फाडून दाखवलं: आतड्याच्या शेवटाला असलेल्या दोन आंधळ्या पिशव्या रक्ताच्या गाठींनी टम्म भरलेल्या. रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. राणीखेत असता तर मोठ्या, लस न टोचलेल्या कोंबड्याही पडल्या असत्या, माना पिळवटल्या असत्या, हिरवी हगवण दिसली असती.

मग बदकांनी रोग आणला का? नाही. कोंबडीचा कॉक्सिडिया, म्हणजे ही हगवण करणारा सूक्ष्म परजीवी, कोंबडीलाच होतो. बदकाला तो लागत नाही, बदकाकडून कोंबडीला येत नाही. त्याची अंडी थोड्याफार प्रमाणात बहुतेक खुराड्यांत असतातच. पण विष्ठेतून पडलेलं अंडं लगेच रोग करत नाही. ते पिकावं लागतं, आणि त्याला ऊब, हवा आणि ओल लागते. तिन्ही मिळाल्या की एक-दोन दिवसांत पिकतं. ऊब आणि हवा खुराड्यात होतीच. ओल बदकांनी पुरवली. म्हणजे मुलाचा राग अगदीच अनाठायी नव्हता, फक्त आरोपाचं कलम चुकलं होतं.

औषध तातडीचं होतं: डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत पाण्यातून अँप्रोलियम. पण जमीन ओली राहिली तर औषध थांबलं की पुन्हा तेच. म्हणून खरा प्रश्न घरांचा होता, आणि त्यावर चार मतं आली.

बदकं विकावीत, हे मुलाचं. सोपं, आणि जागेचा ताणही हलका झाला असता. पण दोन महिन्यांच्या, अंड्यावर न आलेल्या बदकांना भर पावसात काय भाव मिळणार? आणि गोगलगायी आता कुठे हटू लागल्या होत्या.

खुराड्यातच जाळीची भिंत घालावी, हे शेजाऱ्यांचं. जाळी पक्षी अडवते, पाणी अडवत नाही. हा पर्याय दिसायला मधला, प्रत्यक्षात निरुपयोगी.

बदकांसाठी नवं चिऱ्यांचं घर बांधावं, हे सुनेचं. पण पावसात गवंडी मिळत नाही, आणि दहा-अकरा पिल्लांचं नुकसान सोसून लगेच बांधकाम काढायला घरात कोणी तयार नव्हतं.

चौथं सासूबाईंचं. त्या खळ्यात बसून सगळ्यांचं ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘कोंबड्यांक वर चडव, बदकांक खाली रवांदे. पाणी काय वर येवचा नाय.’

त्यांचा रोख दोन गोष्टींवर होता. परड्याच्या खालच्या टोकाला जळणाच्या लाकडांची जुनी खोप रिकामी पडली होती. बदकाला बसायला दांडी लागत नाही, उंची लागत नाही, डोक्यावर छप्पर आणि बुडाखाली कोरडी जागा असली की पुरे. आणि कोंबडी मुळात झाडावर झोपणारी जात, तिला जमिनीवर झोपवायचं कशाला?

काय केलं

औषध सुरू करून त्याच दिवशी बदकं खोपीत हलवली. तळाला चिऱ्यांचे तुकडे, त्यावर सुका पेंढा. खोपीत पाणी नाही आणि खाणंही नाही. नुसतं खाणं ठेवलं तर घास अडकतो, म्हणून रात्री दोन्ही बंद. पाण्याची जागा खोपीच्याही खाली, उतारावर. तिथे हातभर खोल चर खणून खडी भरली, वर जुनं सिमेंटचं कुंड ठेवलं. डोकं बुडेल एवढंच खोल, पोहायला व्हाळ आहेच. सांडलेलं पाणी खडीतून केळींच्या आळ्यांत जातं. कुंड रोज तिथेच उपडं करायचं. त्या केळींचा घड पुढे पाहण्यासारखा आला, हे जाता जाता.

खुराड्यातलं ओलं तूस सगळं उपसून माडांच्या आळ्यांपासून दूर खड्ड्यात टाकलं. कोबा खरवडला, धुतला नाही. पावसात धुतलेला कोबा सुकणार कधी? चुलीतली चाळलेली राख आणि नवं तूस पसरलं. चुना मारावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. चुन्याने जागा कोरडी राहायला हातभार लागतो, पण कॉक्सिडियाची अंडी त्याने मरत नाहीत. त्यांचा खरा शत्रू कोरडेपणा आणि ऊन. तूस रोज दाताळ्याने खालवर करायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं.

मुलाने पोफळीच्या रिपांचा माच केला: जमिनीपासून अडीच फुटांवर, दोन रिपांत बोटभर फट, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि पक्ष्यांचे पाय तिच्यापासून सुटतात. माचावर बसायच्या दांड्या. यामुळे त्याच ४८ चौरस फुटांत खाली वाढती पिल्लं आणि वर मोठ्या कोंबड्या अशी सोय झाली असती, पण त्यात वरच्यांची घाण पिल्लांच्या डोक्यावर पडली असती. म्हणून पिल्लांनाही पहिल्या दिवसापासून वर चढवलं. चार-पाच संध्याकाळी हाताने उचलून ठेवावी लागली, मग आपसूक चढू लागली.

राणीखेतची लस हा वेगळा निर्णय. बदकाला राणीखेत सहसा दिसेलसा होत नाही, पण विषाणू ते बाळगू शकतं, म्हणून दोन्ही पक्षी एका परड्यात असतील तर कोंबड्यांना लस हवीच. अडचण कुपीची. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि लस एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. चाळीस पक्ष्यांसाठी कुपी फोडणं जिवावर येतं, आणि म्हणून वाडीत कोणीच टोचत नाही. सुनेने बचत गटात विषय काढला. पाच घरांनी मिळून कुपी घेतली, थर्मासमध्ये बर्फ घालून आणली, आणि तिन्हीसांजेला पक्षी आत गेल्यावर घरोघर फिरून डोळ्यात लासोटाचे, म्हणजे राणीखेतच्या लसीचे, थेंब घातले. हगवणीतून उठलेली पिल्लं ताठ होईपर्यंत मात्र थांबले. आजारी पक्ष्याला लस देऊन उपयोग नाही. मोठ्यांना पुढे आर-टू-बीची, म्हणजे राणीखेतच्याच टोचायच्या लसीची, सुई डॉक्टरांनी दिली.

परिणाम

हगवणीने आणखी पिल्लू गेलं नाही. ३० पैकी १६ उरली. दसऱ्यानंतर पलीकडच्या वाडीत मानमोडीची साथ आली आणि काही खुराडी रिकामी झाली. लस घेतलेल्या पाच घरांत मर झाली नाही. याचं सगळं श्रेय लसीला द्यावं का, पाच घरांवरून ठामपणे सांगता येणार नाही. पण पुढच्या खेपेला कुपीसाठी नावं द्यायला बायका आपणहून आल्या.

बदकांकडे मात्र घरातल्यांचं लक्ष थोडं कमी पडलं. ऑगस्टमध्ये एका रात्री कांडेचोराने, म्हणजे उदमांजराने, खोपीची षटकोनी जाळी फाडून दोन बदकं मारली. ही जाळी कोंबडीला आत ठेवायला पुरते, बाहेरच्याला बाहेर ठेवायला नाही. मग अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आली आणि मुंगसाने उकरू नये म्हणून खोपीभोवती चिरे आडवे पुरले. म्हणजे ‘फुकटात होणारी’ खोप शेवटी फुकटात पडली नाही.

उरली सात: पाच माद्या, दोन नर. ऑक्टोबरच्या शेवटी माद्या अंड्यावर आल्या. सुरुवातीला अंडी केळीखाली, व्हाळाच्या काठाला, कुठेही. बदक पहाटे ते सकाळच्या सुमाराला अंडं घालतं, म्हणून खोपीचं दार नऊपर्यंत बंद ठेवायचं ठरलं आणि अंडी पेंढ्यात मिळू लागली. विक्रीचा अंदाज मात्र चुकला. वाडीत ‘उग्र लागतं’ म्हणून कोणी घेईना. शेवटी गिऱ्हाईक सापडलं ते कुडाळच्या बांधकामांवरचे बंगाली कामगार. ते आधीच सांगून ठेवतात आणि कोंबडीच्या अंड्यापेक्षा जास्त भाव देतात.

दोन नर जास्तच होते. पाच माद्यांना एक पुरतो. दुसरा कोंबड्यांच्या मागे लागू लागला, आणि त्याच्या ओझ्याखाली कोंबडी जायबंदी होऊ शकते. तो एका रविवारी वडे-सागोतीत गेला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी वेळ. मे महिन्यात पिल्लं घेतली की ती नेमकी नाजूक वयात पावसात सापडतात. कोकणात ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली असती तर पिल्लांना कोरडे सात-आठ महिने मिळाले असते. पण ऑक्टोबरमध्ये स्कूटरवाला येतोच असं नाही, आणि सरकारी उबवणी केंद्रात आगाऊ नोंदणी करावी लागते. सुनेने पुढच्या तुकडीसाठी ती केली आहे.

पिल्लं मोठ्या खुराड्यात हलवण्याआधी जागा मोजली असती तर तो दिवसच टळला असता. मोजायला टेप आणि पाच मिनिटं लागतात. बदकं आणि कोंबड्यांची पिल्लं एकत्र वाढवायला हरकत नाही, पण पहिले काही दिवसच. बदकं भरभर वाढतात, पाणी उडवतात आणि ओल्या खोक्यात कोंबडीची पिल्लं गारठतात. दुसऱ्या आठवड्यात वेगळी केली असती तर पायांची तक्रारही आधी लक्षात आली असती, कारण बदकांचं खाणं वेगळं पाहावं लागलं असतं.

खोपीचा निर्णय पावसाच्या घाईत झाला आणि त्यात फक्त ओलीचा विचार झाला. रात्री कोण येतं हा प्रश्न कोणी विचारला नाही. वाडीत कांडेचोर आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. हिवाळ्यात खालच्या मळ्यात साचलेल्या पाण्यावर बाहेरची रानबदकं उतरतात, आणि ही सहा तिकडे जाऊन मिसळतात. बदकं स्वतः न पडता बर्ड फ्लू वाहून आणू शकतात. महाराष्ट्राने तो २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये पुन्हा पाहिला आहे. डिसेंबर ते मार्च बदकं कुंडापुरतीच ठेवा, असं डॉक्टरांचं म्हणणं. सुनेला ते पटतं, सासूबाईंना बदकाला व्हाळापासून तोडणं पाप वाटतं. यंदाच्या हिवाळ्यात परड्याच्या खालच्या बाजूला जुनी मासेमारीची जाळी लावून पाहिली. बदकांनी दोन दिवसांत तिच्याखालून वाट काढली.